होम थिएटरसाठी टचस्क्रीन रिमोट: जोडणीपासून रोजच्या वापरापर्यंत

आमच्याकडे टीव्ही, एव्ही रिसीव्हर (सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज एका ठिकाणी घेऊन मोठ्या स्पीकरना आवाज देणारा), ब्लू-रे प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक अशी पाच उपकरणं एकमेकांना जोडलेली आहेत आणि प्रत्येकाचा रिमोट वेगळा होता. सिनेमा लावायचा तर आधी टीव्ही चालू करा, मग रिसीव्हर, रिसीव्हरवर ब्लू-रेचं इनपुट निवडा, टीव्हीवर रिसीव्हरचं इनपुट निवडा, आणि आवाज मोठ्या स्पीकरमधूनच येतोय ना ते बघा. यातली एक पायरी राहिली की काळा पडदा, नाहीतर मुका सिनेमा. मी घरात नसले की सासूबाईंचा फोन ठरलेला: "अगं, चित्र दिसतंय, पण आवाज नाही." मग कुठल्या रिमोटवरचं कुठलं बटण ते मी फोनवरून सांगायचं, त्यांनी चष्मा लावून ते शोधायचं, तोवर त्यांच्या मालिकेचा निम्मा भाग संपलेला. म्हणून सगळ्यांचं काम एका रिमोटवर आणायचं मनावर घेतलं. तो टचस्क्रीनचा असावा अशी इच्छा होती. हे करताना काय काय कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण खरेदीआधी मला हवी होती ती माहिती जाहिरातींत कुठेच नव्हती.

रिमोट घेण्याआधी एचडीएमआय सीईसी वापरून पाहिलं, आणि कोणीही आधी तेच करावं. एचडीएमआय केबलच्या 13 क्रमांकाच्या पिनवरून उपकरणं एकमेकांना निरोप देऊ शकतात: मी चालू झालोय, माझं इनपुट लाव, आवाज वाढव. टीव्हीच्या मेनूत याला कंपनीगणिक वेगळं नाव असतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. नुसता टीव्ही आणि साउंडबार असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं आणि नवा रिमोट घ्यायची गरजच राहत नाही. आमच्याकडे मात्र पाच उपकरणं एकमेकांशी बोलायला लागल्यावर गोंधळ वाढला. सेट-टॉप बॉक्सवर बातम्या चालू असताना स्टिक मध्येच जागी व्हायची आणि टीव्हीला स्वतःच्या इनपुटवर ओढून न्यायची. कोण कोणाला हुकूम देतंय ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही. शेवटी बहुतेक उपकरणांवर सीईसी बंद केलं. टीव्ही आणि रिसीव्हरमध्ये मात्र ठेवावं लागलं, कारण टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत पाठवण्याची जी एआरसीची सोय आहे, ती अनेक टीव्हींवर सीईसी बंद केलं की चालत नाही.

टचस्क्रीन रिमोटांत दोन जाती आहेत आणि दोन्ही मी घरी वापरून पाहिल्या. एका मित्राने त्याचा संपूर्ण काचेचा रिमोट काही दिवस वापरायला दिला. त्याच्या दर्शनी भागावर एकही बटण नाही, सगळं पडद्यावर. दुसरा मी स्वतः विकत घेतला: वरच्या बाजूला छोटा टचस्क्रीन, खाली आवाज, चॅनेल, बाण, प्ले-पॉज यांची खरीखुरी बटणं, आणि सोबत टीव्हीच्या कपाटात ठेवायचा एक हब, म्हणजे रिमोटचा निरोप उपकरणांपर्यंत पोचवणारी डबी. पुढे जे लिहिते आहे ते या दोघांच्या तुलनेतून आलेलं आहे.

ही कल्पना नवी नाही. फिलिप्सने 1998 मध्येच प्रोंटो नावाचा टचस्क्रीन रिमोट काढला होता. त्याचा पडदा स्वतःच्या मनासारखा मांडता यायचा आणि हौशी लोक आपापल्या मांडण्या एकमेकांना द्यायचे. रिमोटचा कोड, म्हणजे प्रत्येक बटणाचा ठरलेला इशारा, आकड्यांत लिहून ठेवायची प्रोंटोची पद्धत आजही वापरात आहे. एखाद्या जुन्या उपकरणाचा कोड शोधायला गेलात तर तो बऱ्याचदा त्याच रूपात सापडतो.

जोडणीची सुरुवात मॉडेल नंबरांपासून होते. पुढच्या बाजूला छापलेलं नाव उपयोगाचं नसतं, मागच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर लागतो. कपाट पुढे ओढून, टॉर्च धरून मी पाचही नंबर लिहून घेतले. रिमोटच्या ॲपमध्ये ते भरले की त्याच्या साठ्यातून कोड उतरतात. चार उपकरणांचं काम झटपट झालं. सेट-टॉप बॉक्सचा नंबर साठ्यात नव्हता, म्हणून त्याचे कोड मूळ रिमोटवरून शिकवायला बसले, आणि खरी मजा तिथे आली.

शिकवायचं म्हणजे दोन्ही रिमोट टेबलावर तोंडासमोर तोंड करून, काही इंचांचं अंतर ठेवून, एकेक बटण दाबायचं. रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाची उघडझाप करतो, बहुतेक उपकरणांत सेकंदाला सुमारे 38,000 वेळा, आणि त्या उघडझापीच्या लांब-आखूड तुकड्यांत कोड भरलेला असतो. खूप वापरात असलेल्या एनईसी नावाच्या पद्धतीत आधी 9 मिलिसेकंदांचा लांब झोत, मग 4.5 मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर 32 बिट, म्हणजे 0 किंवा 1 अशा खुणा, असतात. आपण बटण किंचित जास्त दाबून धरलं की 'बटण अजून दाबलेलंच आहे' असा पुनरावृत्तीचा इशाराही त्यात जातो आणि शिकणारा रिमोट कधीकधी तोही गिळतो. म्हणून बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं. शिकवताना उन्हाची तिरीप टेबलावर नको, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो. रिमोट मुळात काही पाठवतोय का याची खात्री करायची असेल तर त्याचं टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर एलईडी जांभळट चमकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी गाळणी अधिक कडक असते, त्यामुळे तिथे अनेकदा काही दिसत नाही.

सगळी बटणं शिकवून झाली, एकेक करून तपासली, चालली. मग सासऱ्यांनी 11 नंबरचा चॅनेल लावायला घेतला तर लागे 1. बावीस लावायला जावं तर 2. बारा मात्र बरोबर लागायचा. एकच आकडा लागोपाठ दोनदा दाबला की दुसरा बॉक्सपर्यंत पोचतच नव्हता. कारण शोधलं तेव्हा कळलं की काही उपकरणं फिलिप्सने बसवलेली आरसी-5 नावाची पद्धत वापरतात आणि तिच्यात एक बिट दर नव्या दाबण्याला उलटतो. त्यावरून उपकरणाला कळतं की बटण सोडून पुन्हा दाबलं आहे, की तेच धरून ठेवलं आहे. शिकवलेल्या कोडमध्ये तो बिट गोठून जातो. मग दोनदा दाबलेला 1 बॉक्सला एकच लांबलेला 1 वाटतो. उपाय असा की शिकवणं सोडून साठ्यातल्याच, त्याच कुळातल्या दुसऱ्या बॉक्सचे कोड घेऊन पाहायचे. ते लागू पडले आणि अकरा लागला. तुमचा रिमोट वेगवेगळे आकडे नीट घेतोय पण तोच आकडा लागोपाठ दोनदा घेत नाहीये, असं दिसलं तर हे आधी तपासा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पॉवरच्या बटणाची आहे. साध्या रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण असतं: बंद असेल तर चालू होतं, चालू असेल तर बंद. माणूस डोळ्यांनी बघून दाबतो म्हणून ते चालून जातं. पण 'सिनेमा' हे एकच बटण दाबल्यावर पाच उपकरणांना ओळीने कोड जायचे असतात, आणि इन्फ्रारेड एकतर्फी असल्यामुळे टीव्ही आधीच चालू आहे का, हे रिमोटला कळत नाही. मुलाने मूळ रिमोटने टीव्ही लावलेला असेल आणि मी 'सिनेमा' दाबलं, तर बाकी सगळं चालू व्हायचं आणि टीव्ही बंद. चांगले रिमोट कोण चालू, कोण बंद याची नोंद स्वतःकडे ठेवतात, पण कोणी मधेच दुसरा रिमोट वापरला की ती नोंद खोटी ठरते. खरा इलाज म्हणजे चालू आणि बंदचे स्वतंत्र कोड. गंमत अशी की मूळ रिमोटवर असं वेगळं बटण नसलं तरी अनेक उपकरणांना ते कोड कळतात. टीव्ही आणि रिसीव्हरचे असे कोड मला साठ्यात मिळाले. ब्लू-रे प्लेअरला नव्हते. तिथे वेगळी युक्ती चालली: तो बंद असताना ट्रे उघडण्याचं बटण दाबलं की जागा होतो, आणि आधीच चालू असेल तरी बिघडत काही नाही, फक्त ट्रे बाहेर येतो, जो डिस्क घालायला उघडावा लागणारच असतो. खरेदी करताना पडदा किती इंची आहे याच्या आधी एवढं विचारा की स्वतंत्र चालू-बंद कोड भरायची सोय आहे का.

दुसरं म्हणजे सवड. रिसीव्हर चालू झाल्यावर काही सेकंद कोणाचंच ऐकत नाही. त्या वेळात इनपुटचा कोड पाठवला तर तो हवेत विरतो. म्हणून दोन कोडांमध्ये थांबा घालावा लागतो, आणि तो जास्त झाला तर घरचे कंटाळून पुन्हा बटण दाबतात, त्याने क्रम आणखी बिघडतो. प्रत्येक उपकरणासाठी हा थांबा जुळवत बसणं हे सगळ्यात वेळखाऊ काम होतं. मी जास्तीच्या थांब्यापासून सुरुवात केली आणि तो थोडा थोडा कमी करत नेला.

काचेच्या रिमोटची एक अडचण इथेच लक्षात आली. तो स्वतःच इन्फ्रारेड सोडतो, म्हणजे सगळे कोड जाईपर्यंत त्याचं तोंड कपाटाकडे हवं. पण पडद्यावर बोट लावताना माणूस रिमोट स्वतःकडे वळवतो, बघून दाबतो आणि लगेच मांडीवर ठेवून देतो. निम्मे कोड छताला नाहीतर सोफ्याच्या पाठीला. बटणांचा रिमोट आपण न बघता टीव्हीकडेच रोखून धरतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. हब असलेल्या रिमोटमध्ये हा त्रास संपतो, कारण रिमोट रेडिओ लहरींनी हबला सांगतो आणि हब कपाटातून इन्फ्रारेड सोडत राहतो. लाकडी दारामागच्या उपकरणांसाठी हबला वायरीने जोडलेले चिकटवायचे छोटे एलईडी मिळतात. ते बरोबर उपकरणाच्या डोळ्यावर बसले पाहिजेत. तो डोळा काळ्या प्लास्टिकमागे लपलेला असतो. टॉर्च तिरपी धरली की दिसतो. हबचा आणखी एक उपयोग: काही उपकरणांना इन्फ्रारेडचा डोळाच नसतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ब्लूटूथवर चालते, सोनीचा प्लेस्टेशन 4 सुद्धा. नुसता इन्फ्रारेडचा रिमोट, मग त्याचा पडदा कितीही देखणा असो, त्यांच्यापुढे मुका आहे.

आता पडद्याच्या गुणांबद्दल. पहिला पडदा उघडला की आमच्याकडे मोठी चारच चित्रं दिसतात: टीव्ही, सिनेमा, स्टिक, गाणी. सासूबाई 'टीव्ही'च्या चित्रावर बोट ठेवतात आणि इनपुट हा शब्दही घरात उच्चारला जात नाही. हे काम टचस्क्रीनइतकं चांगलं दुसरं काहीच करू शकत नाही. आवडत्या चॅनेलांची चित्रं एका पानावर लावता येतात, आकडे पाठ करायला नको. ब्लू-रे चालू असताना फक्त ब्लू-रेची बटणं दिसतात. नवं उपकरण आलं तर जुना छापील रिमोट बदलत नाही, पडदा बदलतो. आणि एखादं उपकरण मागे राहिलं तर 'मदत' दाबल्यावर रिमोट एकेक प्रश्न विचारतो, टीव्ही चालू आहे का, आवाज येतोय का, आणि उत्तराप्रमाणे तेवढाच कोड पुन्हा पाठवतो. सासूबाईंचे फोन बंद झाले ते या एका सोयीमुळे.

दोष कळतो तो सिनेमा सुरू झाल्यावर. अंधार केलेला, हळू आवाजातला संवाद ऐकू यावा म्हणून आवाज वाढवलेला, आणि एकदम स्फोटाचा प्रसंग. आवाज ताबडतोब कमी करायचाय. काचेचा रिमोट उचलला की पडदा उजळतो, डोळे त्याच्यावर जातात, आवाजाचं बटण या पानावर आहे की पुढच्या ते बघायचं, अंगठा टेकवायचा, लागलं की नाही याची खूण नाही म्हणून पुन्हा टेकवायचा. तोवर प्रसंग संपलेला असतो आणि पुढचा संवाद ऐकूच येत नाही. बटणांच्या रिमोटवर हेच काम अंगठा न बघता करतो. आवाजाची पट्टी उंच आहे हे बोटाला कळतं, पाचाच्या आकड्यावर बारीक टिंब असतं त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. हार्मोनियम वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही, तसं हे आहे. सपाट काचेवर ही ओळख बसायला काही आधारच नाही. आवाज, म्यूट, पॉज, बाण ही बटणं ज्या रिमोटवर खरीखुरी नाहीत तो मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही, आणि या मताबद्दल मला जराही शंका नाही.

बोटांचाही प्रश्न आहे. हल्लीचे पडदे बोटातल्या विद्युतभारावर चालतात, दाबावर नाही. सासऱ्यांची बोटं फार कोरडी आहेत. ते पडद्यावर बोट टेकवतात आणि काही होत नाही, मग जोरात दाबतात, तरी होत नाही, मग बोटाचं टोक सोडून पेराचा मऊ भाग आडवा ठेवतात तेव्हा शेजारचंच चित्र लागतं. ओल्या किंवा तेलकट हातांचंही असंच. म्हणून मी चित्रं शक्य तितकी मोठी केली आणि एका पानावर चारपेक्षा जास्त ठेवली नाहीत. जुन्या, दाबावर चालणाऱ्या पडद्यांना बोट कसंही चालायचं, अगदी नखसुद्धा, पण ते मंद असत. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठी मात्र मोठ्या चित्रांनीही भागत नाही. त्यांच्या हातात बटणांचाच रिमोट हवा.

अंधारात पडद्याचा उजेड शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांत जातो. प्रोजेक्टर वापरणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. सेटिंगमध्ये जाऊन उजेड सर्वांत कमी केला, हलवल्यावर पडदा आपोआप उजळण्याची सोय बंद केली, तेव्हा बरं झालं. ही सोय मुळात चांगली वाटते, पण रिमोट सोफ्यावर असताना कोणी नुसतं शेजारी बसलं तरी तो जागा होतो, आणि जागा झाला की मांडीचा धक्काही बोट समजून बसतो.

चार्जिंगची शिस्त लागते. दोन सेलवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या रिमोटची सवय असलेल्या घरात हा बदल मोठा आहे. रात्री डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या बैठकीवर, ठेवला नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मान टाकतो. डॉक कुठे ठेवायचा यावर आमच्याकडे चर्चा झाली आणि शेवटी तो सोफ्याच्या अगदी हाताशी आणला, कारण उठून जाऊन रिमोट ठेवणं कोणाच्याच अंगवळणी पडत नव्हतं. बॅटरी लिथियम-आयनची आहे, काही वर्षांनी तिचा दम कमी होणारच. ती घरच्या घरी काढून बदलता येते का, हे घेण्याआधी बघून घ्या. मित्राच्या काचेच्या रिमोटची येत नव्हती.

"एवढं सगळं कशाला, फोनवर ॲप घे ना," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. काही फोनांना, विशेषतः शाओमीच्या अनेक मॉडेलांना, इन्फ्रारेडचा एलईडी असतो आणि हबची ॲपही फोनवर चालते. मी ती वापरते, पण जोडणी बदलायला आणि थांबे जुळवायला. रोजच्या वापराला नाही. फोन कुलूप उघडल्याशिवाय काही करत नाही, मध्येच कोणाचा तरी फोन येतो, आणि मी बाहेर पडले की तो माझ्याबरोबर जातो. घरी राहिलेल्यांनी टीव्ही कसा लावायचा?

एक काळजी अजून आहे. या रिमोटांतली जोडणी बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली असते. या क्षेत्रातलं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे हार्मनी. लॉजिटेकने ते 2004 मध्ये विकत घेतलं आणि एप्रिल 2021 मध्ये हे रिमोट यापुढे बनवणार नसल्याचं जाहीर केलं. आधी विकलेल्या रिमोटांना आधार देत राहू असं त्यांनी तेव्हाच सांगितलं, ही चांगली गोष्ट. पण कुठल्याही कंपनीचा सर्व्हर उद्या बंद झाला तर रिमोट आहे त्या जोडणीवर गोठतो: जुनं चालत राहील, नवा टीव्ही त्यात भरता येणार नाही. म्हणून मी माझी सगळी जोडणी, कोणत्या उपकरणाला कुठला कोडसंच, कोणता थांबा, कोणतं इनपुट, हे एका वहीत लिहून ठेवलं आहे. मूळ रिमोटही टाकलेले नाहीत. सेल काढून ठेवले आहेत, नाहीतर गळून आतले पत्रे खराब होतात. टीव्हीच्या आतल्या काही सेटिंग त्यांच्याशिवाय उघडतच नाहीत.

पुढचा रिमोट घ्यायची वेळ येईल तेव्हा माझ्या याद्या तयार आहेत: खाली खरी बटणं, वर छोटा पडदा, हब, बदलता येणारी बॅटरी, आणि जोडणी रिमोटमध्येच साठवायची सोय. पडदा मोठा नसला तरी चालेल.